रविवारी तुटणारी लाइन

१

"मॅडम, माझा तास चोरीला जातोय," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

माझ्याकडे येणारी माणसं साधारण दोन प्रकारची. पोलिसांत जायला लाज वाटते अशी, आणि इंटरनेट कंपनीला फोन लावून लावून 'राउटर बंद करून चालू करा' हा मंत्र पाठ झालेली. मी स्वतः अशाच एका कंपनीच्या तक्रार विभागात अर्धं आयुष्य घालवलंय, तेव्हा मंत्र मीही पुष्कळ म्हटलाय. पुढे साहेबाशी वाजलं आणि मी बाहेर पडून हे दुकान थाटलं. नेटवरून कोण कुणाला छळतंय ते शोधून द्यायचं. दोन खोल्या आहेत, एक टेबल आहे आणि चहा मी स्वतःच करते.

हा गृहस्थ विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालकाला प्रश्न विचारायचे आणि तो खरं सांगतोय की थापा मारतोय ते ठरवायचं, हे त्याचं काम. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. बसल्या बसल्या त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"रेकॉर्डिंग चालू आहे. हरकत नाही ना? कामाची सवय."

"हरकत आहे," मी म्हटलं.

तो हसला. मोबाइल तिथेच राहिला. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाशी कशाला भांडायचं म्हणून मी नाद सोडला.

हकिगत अशी. बायको वेगळी झाली होती, मुलगी तिच्याकडे, दुसऱ्या शहरात. कोर्टाने बापाला दर रविवारी दुपारी चार ते पाच मुलीशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायची मुभा दिली होती. आणि गेले कित्येक रविवार बोलता बोलता त्याची लाइन मरत होती. मुलीच्या आईच्या वकिलाने त्यावरून अर्ज ठोकला होता: बापाला गांभीर्य नाही, हजर राहत नाही, हा तास रद्द करावा. महिनाअखेरीस तारीख होती.

"तास गेला की पोरगी गेली," तो म्हणाला. "मला सिद्ध करून द्या की हे माझं काम नाही. आणि कुणाचं आहे, तेही."

मी त्याच्या राउटरने टिपून ठेवलेली माहिती तो येण्याआधीच फोनवर सांगून मागवून घेतली होती. ती आता नीट पाहिली. तार तुटलेली नव्हती, कंपनी झोपलेली नव्हती. दर वेळी त्याच्या घराच्या पत्त्यावर जगभरातून कचऱ्याचा लोंढा येऊन आदळत होता. नेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकाच वेळी हजारो ठिकाणांहून निरर्थक हाका मारायला लावल्या की खऱ्या माणसाची हाक त्यात बुडून जाते.

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम?"

"मुद्दाम. बाकी आठवडाभर तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. फक्त त्या तासात."

त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

२

त्याचं घर त्याच्या शर्टासारखंच होतं. राउटर फ्रिजवर, त्याच्या तारा सुतळीने बांधलेल्या. टेबलासमोर एक खुर्ची, खुर्चीमागे पुस्तकांचं कपाट. ते कपाट म्हणे आतल्या खोलीतून बाहेर आणलं होतं, कॅमेऱ्यात दिसायला बरं म्हणून. सल्ला वकिलाचा.

"मुलीचं नाव काय हो?" मी विचारलं.

"भिंगरी. म्हणजे घरातलं नाव. एका जागी बसली तर शपथ. आता सातवीत आहे."

आतापर्यंत काय काय उपाय केले ते त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. कंपनीकडून पत्ता बदलून घेतला. पुढच्या रविवारी लाइन गेली. कंपनीच बदलली. तरी गेली. मग बहिणीच्या घरी जाऊन तिच्या लाइनवर बसला. तिथेही, बोलणं सुरू झाल्यावर थोड्या वेळाने, आपटी. शेवटी कुणालाही न सांगता ऑफिसच्या विश्रामगृहात गेला.

"आणि?"

"तिथेसुद्धा."

हे ऐकून मात्र मी बसल्या जागी सरळ झाले. घराच्या पत्त्यावर हल्ला होतो हे रोजचं. पण हा हल्ला घराच्या नाही, माणसाच्या मागे फिरत होता. नवा पत्ता या गृहस्थालाही माहीत नसायचा; हल्ला करणाऱ्याला तो बरोबर कळत होता.

"नेमका चारला येतो?"

"छे. कधी दहा मिनिटांत, कधी पाऊण तासाने. काही ताळमेळ नाही."

"एकदाही तास पुरा झाला नाही?"

"झाला ना, एकदा! आणि त्या दिवशी नेमका माझाच दात काढलेला. तोंडात कापसाचा बोळा. मी नुसता हं-हं करतोय आणि ती एकटी तासभर बडबडतेय. नशीब बघा कसं असतं."

"बोलता कुठल्या अॅपवरून?"

"तिनेच सुचवलं. ती खेळ खेळते ना कॉम्प्युटरवर, तिथली सगळी मुलं तेच वापरतात. चित्र फार स्वच्छ येतं."

मग त्याने आवाज खाली आणून वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहायचा, दिवसभर कानाला हेडफोन. गाडी लावण्यावरून दोघांचं वाजलं होतं. "तो एक. आणि दुसरा तिचा भाऊ. आमचा मेव्हणा. कॅमेरे आणि नेटवर्क बसवायचा धंदा आहे त्याचा. आता तुम्हीच समजा."

"बहिणीला सोडून सगळ्यांवर संशय आहे तुमचा," मी म्हटलं.

"बहिणीलाही सोडू नका," तो म्हणाला.

३

हेडफोनवाल्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या गळ्यात खरोखरच हेडफोन होता आणि हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

"काका पुन्हा पाठवतायत का कोणाला? अहो, त्यांचं नेट गेलं की ते जिन्यात येऊन माझ्या नावाने शिमगा करतात. त्या नादात मी खेळात दोनदा हरलोय."

"पण जमतं तुला, हे असलं लाइन पाडणं?"

"न जमायला काय झालं? साइट असते. समोरच्याचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं. आमच्या खेळात रोजचंच आहे हे. हरायला लागली की शाळेतली पोरंसुद्धा समोरच्याची लाइन पाडतात. पैसे नसले तर खेळातली नाणी देतात." संत्र्याची फोड तोंडात टाकून तो म्हणाला, "पण पत्ता पाहिजे ना आधी. काका बहिणीकडे गेले की कुठे गेले, मला काय स्वप्न पडणार?"

बरोबर होतं त्याचं. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता.

सर्व्हेअरची बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला घरातच शिवणकामाचं दुकान चालवायची. पायमशीन, काउंटरवर खडूच्या रेघा मारलेलं कापड, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ठेवल्यावर ती मोकळेपणी बोलली.

"माझ्यावर पण संशय? दादाचं नवल नाही. लहानपणी मला खोकला झाला तरी विचारायचा, काय खाल्लंस, कुणी दिलं, कुठे दिलं. वहिनी कशी टिकली इतकी वर्षं, मला तर त्याचंच आश्चर्य वाटतं."

"म्हणजे मुलगी आईकडे राहावी असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं. लपवू कशाला? पण म्हणून त्याचा तास मोडू? रक्ताचा भाऊ आहे." तिने कापड झटकलं. "आणि त्या दिवशी इथे लाइन गेली तेव्हा माझंही बंद पडलं. गिऱ्हाइकाने पाठवलेला ब्लाउजचा नमुना उघडेना. माझ्याच पायावर कशाला धोंडा मारून घेऊ?"

तिने पाडली म्हणावं तर विश्रामगृहाचं तिला ठाऊकच नव्हतं. तीही सुटली. मी निघाले तेव्हा तिने मागून हाक मारली.

"ताई, भिंगरीला भेटणार असाल तर एक विचारा तिला. दादा माझ्याकडे बसून तिच्याशी बोलत होता ना, तेव्हा मी शिवणयंत्रावर होते. लाइन जायच्या आधी पडद्यावर पोरीचा चेहरा मी पाहिला. लाइन गेल्यावर घाबरतात ना माणसं? ती आधीच घाबरली होती."

४

मुलीची आई कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर गुलाबी हिरड्या आणि दातांच्या रांगा, जणू सगळं गाव खिदळतंय. तिच्या बोटांना प्लॅस्टर लागलं होतं. एक कवळी कानशीने घासता घासता ती बोलत राहिली.

"खोटं कशाला बोलू ताई? तो तास मला नकोच आहे. रविवार आला की पोरगी सकाळपासून जेवत नाही. पण मी काही केलेलं नाही. कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी बजावलंय, त्या तासात खोलीत कोणी थांबायचं नाही, दाराला कान लावायचा नाही. मी सरळ इथे येऊन बसते. रविवारी इथे कोणी नसतं, ही मंडळी सोडून." तिने कवळ्यांकडे मान हलवली.

"आणि तुमचे भाऊ?"

"त्याला विचारा की. खालीच आहे."

भिंगरीचा मामा खाली स्कूटरला शिडी बांधत होता. गोल चेहऱ्याचा, मिस्कील माणूस.

"मॅडम, माझा धंदा लाइन चालू करायचा आहे. आणि मला पाडायचीच असती ना, तर मी एकदाच पाडली असती. पुन्हा लागलीच नसती." मग हसू पुसून म्हणाला, "भाऊजींना आमचं घर म्हणजे अपघाताची गाडी वाटते. कुठे चेपलंय, कुणी ठोकलंय, एवढंच बघतात. रविवारी मी कामावर असतो, चार गिऱ्हाइकं साक्षीला देतो."

त्याने दिलेल्या गिऱ्हाइकांना मी फोन केले. तो खरं बोलत होता.

भिंगरी घरी एकटीच होती. टेबल, कॉम्प्युटर, चाकांची गोल फिरणारी खुर्ची. खुर्चीत बसून ती एका पायाने जमिनीला रेटा देत सतत गिरक्या घेत होती. नाव ठेवणाऱ्याने अगदी अचूक ठेवलं होतं.

"कितवीत आहेस गं?"

"आठवीत."

"बाबा सातवीत म्हणाले."

"ते नेहमी चुकतात," ती गिरकी घेत म्हणाली. रागाने नाही, सवयीने. मग तिने विचारलं, "काकू, तुम्ही लाइन दुरुस्त करणार?"

"बघू. आधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला हवं. बाबांशी बोलताना मजा येते?"

"येते की. मागे एकदा त्यांचा दात काढला होता, तेव्हा खूप मजा आली."

मी पुढचं काही विचारणार तेवढ्यात खुर्ची थांबली.

"काकू, लाइन गेली तर कुणाचीच चूक नसते ना?"

५

परत येताच मी सर्व्हेअरला फोन केला. "तुम्हाला सगळंच रेकॉर्ड करायची सवय आहे. रविवारचे कॉलही केले असतील."

"अर्थात. एकूण एक. कोर्टात उपयोगी पडतात."

त्याने ते आनंदाने पाठवले. मी चहाचं भांडं शेजारी घेऊन ऐकायला बसले आणि चहा गार झाला तरी उठले नाही.

सुरुवात दर वेळी गोड असायची. "काय गं भिंगरी?" "बाबा, आज ना..." आणि पोरगी सुटायची. पोहण्याच्या तलावात कुणाचा चष्मा बुडाला, बाईंनी फळ्यावर कसलं चित्र काढलं. बाप दोनतीनदा "छान, छान" म्हणायचा. मग घसा साफ केल्याचा आवाज. आणि मग:

"आई किती वाजता येते हल्ली? तोवर तू एकटीच असतेस? नक्की?"

खर्रर्र. लाइन बंद.

दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस मिनिटं गप्पा. मग घसा. "मामा तुमच्याकडेच राहतो का गं? कुठल्या खोलीत झोपतो?" खर्रर्र.

बहिणीच्या घरून: "आई माझ्याबद्दल काय म्हणते? खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही." हे सांगणाऱ्याच्या शेजारी रेकॉर्डिंग चालू. खर्रर्र.

विश्रामगृहातून: "घरी कोणी काका येतात का? नाव काय त्यांचं?"

दर वेळी तेच. दर वेळी लाइन जायची ती या प्रश्नाच्या पाठीवर, उत्तर यायच्या आत. आणि दात काढलेल्या रविवारी, जेव्हा बापाला प्रश्नच विचारता येत नव्हते, तेव्हा तास अखंड चालला होता. पोरगी खिदळत होती. तो नुसता हं-हं करत होता आणि त्या सबंध ढिगाऱ्यात तो बापासारखा वागला असा तेवढा एकच तास होता.

मी बोटांवर हिशेब मांडला. हल्ला घड्याळाप्रमाणे येत नाही, प्रश्नाप्रमाणे येतो. म्हणजे करणारा बोलणं ऐकतोय. आई आणि मामा त्या वेळी खोलीतच काय, घरातही नसतात. वरच्या हेडफोनवाल्याला आणि बहिणीला सगळे पत्ते ठाऊक नव्हते. मग दर वेळचा ताजा पत्ता कळतो कुणाला? ते अॅप दोन घरं थेट जोडतं, मध्ये कोणी नाही. म्हणून तर चित्र स्वच्छ. आणि म्हणूनच, कसा बघायचा ते माहीत असेल तर, समोरच्याला तुमचा पत्ता दिसतो. तो फक्त समोरच्याला दिसतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसा संपला म्हणून मला आनंद झाला नाही.

६

तरी खात्री हवी होती. मी माझ्याच ऑफिसात एक नवी जोडणी घेतली, रविवारीच दुपारी सुरू केलेली. तिचा पत्ता मीही पाहिला नाही. साडेतीनला सर्व्हेअर आला, खुर्चीत बसला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"आज एकच अट," मी म्हटलं. "त्या घराबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. आई नाही, मामा नाही, येणारंजाणारं कोणी नाही."

"मग बोलू काय?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

चार वाजता भिंगरी पडद्यावर आली, गिरक्या घेत. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, राउटरच्या दिव्यासमोर बसले. दिवा हिरवा.

तिने तलावाची गोष्ट काढली. ती आता खोल बाजूला उडी मारते. त्याने विचारलं, भीती वाटत नाही? ती म्हणाली, वाटते, म्हणून तर डोळे मिटून मारते. तो हसला. खरंच हसला, मी पाहिलं. मग तिने म्हटलं, "बाबा, आज तुम्ही सांगा ना काहीतरी." त्याने एका गाडीची गोष्ट सांगितली, मालक म्हणे गाडी झाडावर आदळली आणि बोनेटवर सापडली कोंबडीची पिसं. पोरगी पोट धरून हसली. अर्धा तास उलटून गेला होता. मला वाटलं, आता मार्ग सापडला यांना. मी मनातल्या मनात लिहिलेला अहवालही फाडून टाकला.

मग गोष्ट संपली. दोघंही थांबली. तो टेबलावर बोटं वाजवत राहिला. त्याला पुढे काही सुचत नव्हतं. पोरीची मैत्रीण कोण, तिला काय आवडतं, काहीच माहीत नसलं की माणूस विचारणार काय? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

त्याने घसा साफ केला.

"बरं भिंगरी, मामाची स्कूटर सकाळी तुमच्याच दाराशी असते का गं?"

पडद्यावरची खुर्ची थांबली. तिचा चेहरा एकदम मोठ्या बाईसारखा झाला. हात टेबलाखालच्या कीबोर्डवर गेला. चित्र गोठलं आणि राउटरचा दिवा लाल झाला.

७

"बघितलंत? बघितलंत?" तो उठून उभा राहिला. "कोण आहे?"

मी सांगितलं. पत्ता, प्रश्न, दात, सगळं एकेक करून. तो ऐकत गेला तसा खाली बसत गेला.

"ती? तिला हे कुणी शिकवलं?"

"शिकवावं लागत नाही. तिच्या खेळात सगळी मुलं करतात. शिकवलं असेल तर ते कधी वापरायचं, एवढंच. आणि ते तुम्ही शिकवलंत."

मी तिच्या घरचा फोन लावला. बापाने पोरीच्या तोंडून ऐकावं असं मला वाटलं, म्हणून स्पीकर चालू केला.

"भिंगरी, मी काकू. लाइन कशी जाते ते कळलं मला."

"बाबा आहेत तिथे?"

"आहेत. ऐकतायत."

"बाबा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फाटला. "तुम्ही तसं विचारलंत की माझ्या पोटात दुखतं. उत्तर दिलं तर आईचं वाईट होतं. नाही दिलं तर तुम्ही म्हणता, तू पण त्यांच्याच बाजूची. खोटं बोलले तर तुम्हाला कळतं, तुमचं कामच ते. मी काय करू? लाइन गेली की कुणाचीच चूक नसते. आई पण वाईट नाही, तुम्ही पण नाही. म्हणून मी बटण दाबते. नंतर मला रडायला येतं, पण पोटात दुखायचं थांबतं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी सर्व्हेअरकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही.

"बाळा," तो म्हणाला, "तू रागावू नकोस. मी नाही विचारणार पुन्हा."

"खरंच?"

"खरंच."

"माझं नाव सांगू नका हं कोणाला."

"नाही सांगणार."

तिने फोन ठेवला. मी लगेच कागद घेतला. "अहवालात एवढंच लिहिते. हल्ला बाहेरून झाला, वडिलांचा काहीही दोष नाही, बंदोबस्त केला आहे. हे सगळं खरं आहे आणि कोर्टाला पुरेसं आहे. तुमचा तास तुमच्याकडे राहील. आणि ते अॅप बंद. मी मधल्या मशीनवरून जाणारा रस्ता लावून देते, मग तुमचा पत्ता कुणालाच दिसणार नाही."

त्याने अहवाल वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला, डोळे पुसले. माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. मग टेबलावरचा पालथा मोबाइल उचलला, त्यावर अंगठ्याने एकदा टिचकी मारली आणि तो निघून गेला.

ती टिचकी कसली होती, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून तो माझा फोन उचलेना.

८

पुढचं मला मामाने सांगितलं. या वेळी तो हसत नव्हता.

सर्व्हेअरने माझा अहवाल कोर्टात दिलाच नाही. त्याने त्या मोबाइलमध्ये टिपलेला आवाज दिला. पोरीचा, रडण्यासकट. वकील उभा राहून म्हणाला, आईच्या घरात मुलीला कसलं वळण लागतंय ते ऐका. अशा घरात बापाची नजर किती गरजेची आहे तेही पाहा. आईला सगळ्यांदेखत ताकीद मिळाली. भिंगरीचा कॉम्प्युटर काढून घेतला. आता रविवारी तिला समुपदेशक बाईंच्या ऑफिसात नेऊन बसवायचं, तिथल्या मशीनसमोर. आणि तास एकाचे दोन झाले.

"तुम्ही बंदोबस्त चांगला केलात, मॅडम," मामा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आणखी काही रविवार गेले. मग एके दिवशी सर्व्हेअरचाच फोन.

"मॅडम, तुमच्या त्या नव्या रस्त्यात दोष आहे. लाइन जात नाही, चित्र दिसतं, पण तिकडून आवाज येत नाही. येऊन बघा जरा."

मला जायचं नव्हतं. गेले. घर तसंच होतं, मागे कपाट, फ्रिजवर राउटर, हिरवा दिवा. टेबलावर पालथा मोबाइल. पडद्यावर भिंगरी बसली होती. लाकडी खुर्ची, चार पायांची, हलणारी नव्हे. हात मांडीवर.

मी हेडफोन कानाला लावला. तिकडे पंखा फिरत होता. बाहेरच्या खोलीत कोणीतरी कपाटाचा खण ओढला. खुर्ची एकदा करकरली. तिने नाक ओढलं, तेही मला स्पष्ट ऐकू आलं.

"भिंगरी, मी काकू. ऐकू येतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खाली बघत बसली.

मी हेडफोन काढून ठेवला. "लाइनमध्ये काही दोष नाही. तिच्याकडचा श्वाससुद्धा येतोय."

"मग बोलत का नाही? दोन दोन तास अशीच बसते."

त्याच्यासमोर बसून काही सांगावं अशी मलाही आता सोय उरली नव्हती. मी पिशवी उचलली. तो विचारात पडला होता, खरोखर कोडं सोडवणाऱ्या माणसासारखा. मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला.

"भिंगरी," तो म्हणाला, "आईने सांगितलंय का गं, माझ्याशी बोलू नकोस म्हणून?"

मी दारात थांबून राउटरकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता.